मी म्हणजे कोण

हिब्रू भाषेत ‘मी’ या शब्दाचा अर्थ ‘कोण’ असा होतो, आणि स्वतःविषयी बोलताना जो शब्द वापरावयाचा तो ‘अनी’, म्हणजे मराठी कानाला जवळजवळ ‘आणि’च. १९६३ सालच्या हिवाळ्यात, नव्याने स्थलांतर करून आलेल्या प्रौढांना हिब्रू शिकविण्यासाठी चालविल्या जाणाऱ्या ‘उल्पान’ नावाच्या शाळेत, मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. आणि बी. टी. अशा दोन पदव्या व सात वर्षांचा अध्यापनाचा अनुभव गाठीशी असलेला मी वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी पुढच्या बाकावर बसलो होतो, तेव्हा आमच्या शिक्षिकाबाईंनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून ‘अनी’ म्हटले आणि मग माझ्याकडे हात करून विचारले, ‘मी अता?’ तू कोण, एवढाच त्या दोन शब्दांचा अर्थ. माझ्या कानांनी मात्र तो प्रश्न मराठीतच ऐकला : मी आता? वर्गात प्रश्न विचारणे हा ज्याचा इतकी वर्षे धंदा होता, त्याला स्वतःचे नाव सांगण्याचेही सुचेना. शेजारी बसलेल्या रुमानियाच्या एका वृद्ध शिंप्याने माझ्या बाकावरील नावाच्या चिठ्ठीवर हळूच बोट ठेवले, तेव्हा कोठे मी ती चिठ्ठी वाचून दाखविली.

त्यानंतर नेगेव्हच्या वाळवंटातील दिमोना या गावी मी पस्तीस वर्षे इंग्रजी शिकविले. एवढ्या वर्षांत भाषा शिकविण्याविषयी जे थोडेफार कळले ते वर्गात कळले. भाषा राखण्याविषयी जे कळले ते घरात कळले, आणि ते कळावयास फार उशीर झाला. हे दोन्ही आता सांगून ठेवावेसे वाटते.

आमचे मूळ गाव जुन्या कुलाबा जिल्ह्यातले. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेले सात पुरुष आणि सात स्त्रिया, ही आमच्या बेने इस्राएल समाजाच्या उगमाची कथा मी आजीच्या मांडीवर ऐकली. आजोबांच्या वेळेपर्यंत घरी तेलाचा घाणा होता, आणि शनिवारी तो बंद राहत असल्यामुळे पंचक्रोशीत आम्हांला शनवार तेली म्हणत. वडील मुंबईस कारकुनीत शिरले आणि आम्ही मांडवीच्या बाजूस राहावयास आलो. तेथले १७९६ साली बांधलेले प्रार्थनामंदिर शआर हारहमीम. पण आमच्या बोलण्यात ते जुनी मशीदच होते, आणि जवळच्या मशीद स्टेशनाचे नावही त्यावरूनच पडले असे थोरले सांगत. त्या मशिदीत मी हिब्रू प्रार्थना तोंडपाठ केल्या. अक्षरओळख होती, अर्थओळख नव्हती; अर्थासाठी शेजारच्या पानावरील मराठी भाषांतर होते. मराठीचे आणि हिब्रूचे हे शेजारपण पुष्कळ जुने आहे. डॉ. जॉन विल्सन यांनी आमच्या लोकांसाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण १८३२ साली मुंबईत छापले, आणि वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची हग्गादा मराठी भाषांतरासह १८७४ साली पुण्यास निघाली. म्हणजे माझ्या आधी चार पिढ्यांनी ही भाषा मराठीच्या खिडकीतून पाहिली होती, आणि आता मला त्या खिडकीतून उडी टाकून रस्त्यावर उतरावयाचे होते.

तो रस्ता मला तिसऱ्याच दिवशी दिसला. पावाच्या दुकानावर पाटी होती आणि तीवर ‘लेहेम’ हा शब्द होता. शुक्रवारी संध्याकाळी, काचेच्या पेल्यात तेलवात लावून झाल्यावर, वडील भाकरीवर हात ठेवून जो आशीर्वाद म्हणत त्यातला हा शब्द. तो उच्चारताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली उतरत असे. येथे त्याच्यापुढे किंमत लिहिलेली होती. मी बराच वेळ त्या दुकानासमोर उभा राहिलो. जो शब्द आजवर केवळ देवाशी बोलण्यासाठी होता तो आता दुकानदाराशी बोलावयास मिळणार, याचा आनंद मानावा की वडिलांच्या त्या आवाजासाठी हळहळावे, हे मला ठरविता येईना.

उल्पानमध्ये हिब्रू हिब्रूतूनच शिकवीत. तेथे आम्हांला एलिएझर बेन-येहुदा यांची कथा मोठ्या आदराने सांगितली गेली, आणि आदर त्यांना देय होताच : १८८१ साली याफाच्या बंदरावर उतरलेल्या या मनुष्याने, शतकानुशतके घरात कोणीही न बोललेल्या भाषेला पुन्हा बोलती करण्याचा पण केला, १८८२ साली झालेल्या आपल्या मुलाच्या कानावर हिब्रूवाचून दुसरी भाषा पडू द्यावयाची नाही असा कडक नेम घरात घातला, आणि एकदा मुलाच्या आईने नकळत रशियन अंगाईगीत म्हटले तेव्हा घरात मोठा कल्लोळ केला, असे सांगतात. ही कथा ऐकून मी भारावून गेलो आणि त्याच संध्याकाळी घरी येऊन हुकूम सोडला की यापुढे मुलांशी हिब्रूतच बोलावयाचे. मोठा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता, मुलगी तीनची. पुढे झालेली दोघे तर त्याच मातीतली. पत्नीने माझ्याकडे नुसते पाहिले. आई म्हणाली, ‘बाळ, मला ती भाषा येत नाही, आणि मुलांना भूक लागली की ती माझ्याकडेच येतात.’ यावर मजजवळ उत्तर नव्हते, म्हणून आईला त्या नियमातून सूट मिळाली. ती सूट हेच त्या घरातले मराठीचे सारे वतन होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

शाळेत रुजू झालो तो तात्पुरत्या सनदेवर. मुंबईच्या पदव्यांचे दाखले कचेरीत तपासून यावयाचे होते आणि त्याला मुदत अशी नव्हतीच. दिमोना हे गाव १९५५ साली वसविलेले, माझ्या पहिल्या वर्गाहूनही वयाने लहान. वस्ती बहुतेक मोरोक्कोतून आलेल्या कुटुंबांची, आणि पाठोपाठ आमच्या लोकांची. पुरुष कापडाच्या गिरणीत, रस्त्यांच्या कामावर, मृत समुद्राकाठच्या कारखान्यांत जात. वर्गात अडतीस मुले होती. मी आत शिरलो तेव्हा त्यांच्यापैकी कोणी उठून उभा राहिला नाही. एकाने मात्र मोठ्याने ‘हमोरे!’ म्हटले. ‘मोरे’ म्हणजे शिक्षक, आणि ‘ह’ हा त्याला लागलेला निश्चयवाचक उपसर्ग, हे मला ठाऊक होते. तरीही वाळवंटातल्या त्या खोलीत मराठ्यांचे ते कुळनाव कानी पडताच क्षणभर कोणीतरी गावचे माणूस मागे उभे आहे असे वाटून मी वळून पाहिले.

पहिले तीन महिने वाईट गेले. इंग्रजी येत होते पण ते समजावून सांगण्याइतके हिब्रू येत नव्हते, आणि मुंबईच्या वर्गात ज्या धाकावर माझे सारे अध्यापन उभे होते तो धाक येथे कोणी मानीत नव्हते. हिब्रूत संख्यावाचकांना लिंग असते, आणि तेही असे की ज्याचे रूप स्त्रीलिंगी भासावे ते पुल्लिंगी नामापुढे यावे : तीन मुली म्हणताना ‘शालोश’, तीन मुलगे म्हणताना ‘श्लोशा’. आपल्या तिघे-तिघींसारखी काही रूपे सोडली तर मराठीत संख्येला ही काळजी नाही. तेव्हा ‘तीन विद्यार्थी फळ्याजवळ या’ एवढे म्हणताना मी हटकून चुके, आणि मागच्या बाकांवरून हशा उठे. एके दिवशी, फार थकलो होतो म्हणून असेल, मी रागावलो नाही. खडू घेऊन फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ ओढली आणि मोडक्या हिब्रूत सांगितले की या बाजूला तुम्ही माझ्या चुका लिहा, त्या बाजूला मी तुमच्या लिहितो. महिनाअखेरीस पाहू कोणाची बाजू आधी रिकामी होते. वर्ग एकदम शांत झाला. पुढच्या आठवड्यापासून मुले माझे हिब्रू कान टवकारून ऐकू लागली, आणि माझी चूक धरावयाची तर आपल्याला नियम पक्का ठाऊक पाहिजे म्हणून ती हिब्रूच्या शिक्षकांना जाऊन नियम विचारू लागली, अशी गोड तक्रार शिक्षकांच्या खोलीत माझ्या कानावर आली. ती उभी रेघ मी पस्तीस वर्षे ओढीत आलो.

मुले इंग्रजीत ‘मी शिक्षक आहे’ या वाक्यातला ‘आहे’ गाळीत. मुंबईत असतो तर मी याला निष्काळजीपणा म्हटले असते. पण हिब्रूत वर्तमानकाळी ‘आहे’ म्हणावेच लागत नाही, ‘मी शिक्षक’ म्हटले की वाक्य पुरे होते, हे उल्पानमध्ये मी नुकतेच शिकलो होतो. मग ध्यानी आले की मूल चूक करीत नाही, ते आपल्या भाषेशी इमान राखीत असते. मोरोक्कोहून नुकतीच आलेली मुले ‘पेन’चा उच्चार ‘बेन’ करीत, कारण घरच्या अरबीत ‘प’ नाही. आणि ‘बेन’ म्हणजे हिब्रूत मुलगा, त्यामुळे ‘माझा मुलगा हरवला’ असे ऐकून नवख्या शिक्षिकेचा जीव घाबरा होई. त्या पोरांना ओठांपुढे कागदाचा कपटा धरून ‘प’ म्हणावयास शिकविले; कपटा हलला की ‘प’ उमटला. गरिबी इतकी होती की एकेका मुलाला प्रत्येक विषयास वेगळी वही मिळत नसे. हिब्रू उजवीकडून लिहितात, इंग्रजी डावीकडून. तेव्हा मी सुचविले की एकाच वहीत एका बाजूने हिब्रू लिहा, उलट बाजूने इंग्रजी, आणि दोन्ही मध्ये जेथे भेटतील तेथे वही संपली असे समजा. पुष्कळ घरांत ही रीत पडली.

एका गोष्टीचा सल फार दिवस राहिला. एक निरीक्षक वर्ग पाहावयास आले आणि नंतर इतर शिक्षकांच्या देखत म्हणाले की या मुलांना इंग्रजी येईल, पण हिंदुस्थानी इंग्रजी येईल. त्यांनी शेऱ्यातही तसे लिहिले. त्यांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. दातांनी ओठ दाबून उच्चारावयाचा आणि ओठ नुसते गोल करून उच्चारावयाचा असे इंग्रजीतले दोन वेगळे वर्ण आम्ही एकाच ‘व’ने भागवितो, आणि आमचा ‘ट’ त्यांच्या ‘ट’हून जिभेने पुष्कळ मागे सरलेला असतो. दोन वर्षे मी रात्री रेडिओवर लंडनच्या बातम्या लावून आरशापुढे उच्चार घोटले. त्या खटाटोपाचा फायदा मला नव्हे, मुलांना झाला. जन्मतः ज्यांना तो उच्चार येतो त्यांना ओठ कोठे ठेवावे हे सांगता येत नाही. मला ते इंच-इंच मोजून ठाऊक झाले होते. परंतु त्या शेऱ्याचा दुसरा परिणाम मी येथे लपवीत नाही. घरी आईशी मराठीत बोललो की दुसऱ्या दिवशी वर्गात उच्चार बिघडतो अशी एक भ्रांती मनात शिरली आणि कित्येक महिने मी आईशी नेमके कामापुरतेच बोललो. तिने कधी कारण विचारले नाही.

त्याच सुमारास, विवाहाच्या बाबतीत आमच्या समाजाच्या यहुदीपणाविषयी जो वाद उभा राहिला होता त्याकरिता १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला आमच्या लोकांनी धरणे धरले. आमच्या गावातून बसगाड्या गेल्या. माझी नोकरी कायम व्हावयाची होती, म्हणून मी गेलो नाही. ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने आम्ही सर्वार्थाने यहुदी आहोत असा ठराव केला, तो मी घरी रेडिओवर ऐकला. आम्ही कोण हे आमचे लोक रस्त्यावर बसून सांगत होते तेव्हा मी दाखले मंजूर होण्याची वाट पाहत होतो. ती खंत अजून गेलेली नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर मोरोक्कोच्या अ‍ॅटलास पहाडातून आलेले कुटुंब होते. तेथील बाईंना अरबी येई, मोडके हिब्रू येई; आईला मराठीवाचून काही येत नसे. तरी रोज दुपारी दोघी जिन्यावर पाय पसरून बसत आणि तासतासभर बोलत. मला प्रथम वाटले की नुसत्या खुणा चालल्या असतील. एकदा कान देऊन ऐकले तर ‘साबण’ दोघींचा एक होता, ‘दुनिया’ एक होती, ‘खबर’ एक होती, आणि ‘हिशेब’ही एक होता, ज्याला हिब्रूत ‘हेश्बोन’ म्हणतात. जी अरबी शब्दसंपदा फारशीच्या हाताने दिवाण-दफ्तरांतून, लष्करांतून, बाजारांतून कोकणात पोहोचली होती, तीच दुसऱ्या टोकाने अ‍ॅटलासच्या पहाडातून येऊन दिमोनाच्या जिन्यावर आईला भेटत होती. आई त्या बाईंना बिरडे सोलावयास शिकवी. बाई आईला त्यांच्या पद्धतीचे मुरविलेले लिंबू देत. त्या दोघींचा तो वर्ग माझ्या वर्गापेक्षा चांगला चाले, हे मला मान्य करावे लागले.

त्या बाईंचा मधला मुलगा माझ्या वर्गात होता. मागे बसणारा, कमी बोलणारा. पुढे तो सैन्यात गेला. १९७३ साली दारफळणीच्या सणाच्या दिवशी, ज्याला येथे योम किप्पूर म्हणतात, आम्ही उपास धरून प्रार्थनेस बसलो असता युद्ध सुरू झाले, आणि त्या युद्धात तो गेला. महिना उलटल्यावर बाई एक वही घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. उजवीकडून हिब्रू, डावीकडून इंग्रजी, आणि मधली आठ-दहा पाने कोरी. हिब्रू बाजू मोठ्या मुलीने वाचून दाखविली होती. इंग्रजी बाजू कोणाला येत नव्हती. ‘यात त्याने काय लिहिले आहे ते सांगा,’ एवढेच त्या म्हणाल्या.

मी वाचू लागलो. ‘माझे वडील’ या विषयावर एक निबंध होता. वडील मोरोक्कोत चांदीचे काम करीत, केसाएवढी बारीक तार ओढीत. येथे रस्त्यावर खडी टाकतात. संध्याकाळी घरी आले की हात टेबलावर पालथे ठेवून बसतात, कारण मोठे काम करून ते हात थरथरतात. आणि मला वाटते की लहान काम मिळाले तर ते थांबतील — असे त्या तेरा वर्षांच्या मुलाने लिहिले होते. प्रत्येक वाक्यातला ‘आहे’ गळलेला होता, आणि प्रत्येक ठिकाणी तांबड्या शाईने मी तो भरला होता. ‘वडिलांचे हात’ यातले षष्ठीचे चिन्ह चुकले होते, तेही मी तीन ठिकाणी दुरुस्त केले होते. खाली दहापैकी पाच गुण आणि माझी सही. निबंध मी तपासला होता, यात शंका नव्हती. पण तो मी वाचला नव्हता. त्या मुलाला भेटूनही मी त्याच्या वडिलांच्या हातांविषयी कधी एक शब्द विचारला नव्हता, आणि ते वडील रोज आमच्याच जिन्यावरून खाली उतरत होते.

बाईंना मी तो निबंध हिब्रूत सांगितला. अडलो तेथे आईने मराठीत विचारले, काय लिहिले आहे पोराने, आणि मी तिलाही सांगितले. दोघी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. निघताना बाईंनी तांबड्या खुणांवर बोट ठेवून विचारले, ‘हे काय लिहिले आहे तुम्ही?’ मी म्हणालो, ‘व्याकरण.’

त्यानंतर मी निबंध दोनदा वाचू लागलो. पहिल्या खेपेस हाती लेखणी घेत नसे, आणि मजकुराला उत्तर म्हणून निदान एक वाक्य लिहिल्यावाचून चुकांकडे वळत नसे. वेळ दुप्पट लागे. रात्रीच्या बारापर्यंत दिवा जळे, पत्नी चहा आणून ठेवी, मुले निजून जात. घरासाठी जो वेळ द्यावयाचा तो यात खर्ची पडला, हेही खरे आहे. १९९० नंतर सोव्हिएत संघातून मोठ्या संख्येने माणसे आली, त्यांतील काहींना मी संध्याकाळी इंग्रजी शिकविले. पन्नाशीचे अभियंते आणि डॉक्टर बाकांवर अंग चोरून बसत. ‘तुम्ही कोण?’ हा धडा त्यांना मी पहिल्या दिवशी दिला नाही. ‘तुम्हांला काय करता येते?’ हा दिला.

आता घराविषयी. हिब्रूत आदरार्थी ‘तुम्ही’ नाही. बारा वर्षांचा विद्यार्थी मला ‘अता’ म्हणे आणि मुख्याध्यापकांनाही ‘अता’च. यात अनादर नाही, त्या भाषेची ती रीत आहे, हे बुद्धीला पटले तरी कानाला पटावयास वर्षे लागली. पत्नी मला ‘अहो’ म्हणते. या शब्दाचे हिब्रू मी पुष्कळ शोधले, मिळाले नाही. माझी मुले हिब्रूत मला ‘अबा’ म्हणत, जे आपल्या ‘आबा’च्या इतके जवळ होते की त्या एका शब्दापुरते दोन्ही भाषांत भांडण नव्हते. आजीशी मात्र ती मराठीत बोलत, कारण आजीकडून लाडू हवा असेल तर मराठीतच मागावा लागे. आणि कोणी मला ‘तू’ म्हटले की आजी लाडवाचा डबा मिटी. चारही मुले त्या डब्यापाशी ‘तुम्ही’ शिकली. मी, ज्याचा भाषा शिकविणे हाच व्यवसाय, त्याने त्यांना मराठीचे एक अक्षर शिकविले नव्हते.

आई हिंदुस्थानातील बहिणीला महिन्याला एक पत्र लिहवून घेई. ती सांगे आणि मोठी मुलगी लिही. मुलगी देवनागरी त्या पत्रांपायीच शिकली. ‘पत्रास कारण की’ हे शब्द ती अजून जसेच्या तसे लिहू शकते. आम्हां दोन देशांत तेव्हा पूर्ण राजनैतिक संबंध नव्हते, ते १९९२ साली झाले. जाणे-येणे अवघड होते आणि त्या निळ्या आंतरराष्ट्रीय पत्रांवरच सारा जीव होता.

१९८४ साली आई गेली. सात दिवस आम्ही जमिनीवर बसलो, लोक येऊन गेले, वरच्या बाई सातही दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत आमच्याबरोबर बसल्या. त्यानंतर दोनेक महिन्यांनी पत्नी एकदा म्हणाली, ‘घरात आता कोणी मराठीत रागावत नाही.’ मी ऐकू लागलो आणि ते खरे होते. मुलांनी मराठी सोडली असे नव्हे. त्यांना ती बोलावयास माणूस उरले नव्हते. आम्ही दोघे होतो, पण आम्हांला हिब्रू येत होते, आणि मुलांना ते माहीत होते.

तेव्हा मी जागा झालो आणि धाकट्या मुलीसाठी शनिवारी संध्याकाळी मराठीचा वर्ग सुरू केला. फळा आणला, उभी रेघ ओढली, मुंबईहून बालभारतीची पुस्तके मागविली. मुलगी दहा वर्षांची होती, हुशार होती, सहा आठवडे मन लावून शिकली. सातव्या शनिवारी तिने वही मिटली आणि विचारले, ‘हे मी कुणाशी बोलू?’ मी म्हणालो, ‘आमच्याशी.’ ती म्हणाली, ‘तुम्हांला हिब्रू येते.’ हे वाक्य तिने मराठीत म्हटले, आणि त्यात एकही चूक नव्हती. अनिच्छेने शिकणाऱ्या हजारो मुलांना मी इंग्रजी शिकविले, कारण परीक्षेला ते लागे, नोकरीला लागे, त्यांच्या गरजेचे ओझे माझ्या बाजूला होते. मराठीच्या बाजूला फक्त आई होती आणि ती गेली होती. त्या संध्याकाळी मला बेन-येहुदांच्या घरातील ते अंगाईगीत आठवले, आणि प्रथमच माझे मन गाणाऱ्या आईकडे गेले.

आता मी निवृत्त आहे. इस्राएलमधून निघणारे ‘मायबोली’ हे मराठी त्रैमासिक आल्यावर पत्नी आणि मी ते अंक आळीपाळीने मोठ्याने वाचतो. मोठी मुलगी कधी फोनवर बिरड्यांची कृती विचारते, तेव्हा ‘मोड’, ‘सोलणे’, ‘फोडणी’ हे शब्द ती मराठीतच उच्चारते, बाकी वाक्य हिब्रूत असते. मुलगा उत्तरेस असतो. त्याला मराठी कळते, बोलता येत नाही. मी त्याला दोष देत नाही.

धाकटीची मुलगी तीन वर्षांची आहे आणि कामाच्या दिवशी दुपारी आमच्याकडे असते. तिच्याशी आम्ही हिब्रूतच बोलतो. आईबापांनी तसे सांगितले आहे आणि मला आता कोणाच्या घरात नियम घालावयाचा नाही. परवा पत्नी स्वयंपाकघरात होती आणि नेहमीप्रमाणे तिने मला हाक मारली. मी बाहेर गच्चीवर होतो, ऐकू आले नाही. तेव्हा ती पोर धावत गच्चीच्या दारापर्यंत आली आणि तिने स्वच्छ, खणखणीत मराठीत म्हटले, ‘अहो!’ तिच्या समजुतीप्रमाणे ते माझे नाव आहे. पत्नी हसत हात पुसत बाहेर आली आणि तिला ‘सबा’ म्हण, आजोबा म्हण असे सांगू लागली. मी पत्नीला थांबविले. पोर अजून मला त्याच नावाने हाक मारते, आणि मी ओ देतो.